‘उलट’ची उलटतपासणी

प्रस्थापित समीक्षकाच्या खिशात दलित साहित्यासाठी एक शब्द कायम तयार असतो. ‘उलट’. हे साहित्य म्हणजे उलटा जातीयवाद. ही कविता म्हणजे उलट्या शिव्या. ही आत्मकथनं म्हणजे पोटातली उलटी. गेली पन्नास वर्षं तो हा शब्द आपल्यावर फेकतोय आणि आपणही तो झेलून मिरवतोय. ‘होय, आम्ही सगळं उलटं करणार!’ असं आपला नवा कवी स्टेजवरून ओरडतो. टाळ्या पडतात. पण फेकणाऱ्याला काय म्हणायचं होतं आणि झेलणाऱ्याला काय म्हणायचंय, हे कुणीच तपासत नाही. कोर्टात साक्षीदाराची आधी सरतपासणी होते, मग उलटतपासणी. ‘उलट’ची सरतपासणी शब्दकोशांनी केलेली आहे. उलटतपासणी आपण करू.

आधी त्याचे धंदे बघा. पान उलटतं. गाडी उलटते. डाव उलटतो. पाळलेला साप उलटतो. साक्षीदार उलटतो. मुदत उलटते. निर्दयी माणूस उलट्या काळजाचा असतो. चोराच्या बोंबा उलट्या असतात. चर्चा उलटसुलट असते. पत्राचं उत्तर उलट टपाली मागवतात. आणि त्याचा भाऊबंद ‘उलथणे’. सत्ता उलथते, चुलीपाशी उलथनं असतं, आणि आई रागावली की पोराला विचारते, ‘कुठं उलथला हुतास?’ वरवर बघितलं तर सगळीकडं एकच गोष्ट दिसते : वरचं खाली, खालचं वर. पण तसं नाही. यात तीन-चार निरनिराळी कामं आहेत. ती एकात एक मिसळली की समीक्षकाचं फावतं आणि आपल्या कवितेचा घोटाळा होतो.

पहिलं काम ‘उलटून बोलणं’.

‘लई उलटून बोलाय लागलास रं!’ हे वाक्य गावात कोण कुणाला म्हणतो? पाटील महारामांगाला म्हणतो. मालक गड्याला, साहेब शिपायाला, सासू सुनेला. आता तेच वाक्य फिरवून बघा. शिपाई साहेबाला म्हणतोय, ‘साहेब, तुम्ही फार उलटून बोलताय.’ व्याकरणात बसतं, समाजात बसत नाही. वरच्यानं आईबहिणीवरून काढलं तरी ते ‘सुनावणं’ असतं, ‘खडसावणं’ असतं, ‘समज देणं’ असतं. खालच्यानं नुसतं ‘का?’ विचारलं तरी ते ‘उलटून बोलणं’. म्हणजे हा शब्द बोलण्यात काय आहे हे बघतच नाही. बोलणारा कुठल्या पायरीवर उभा आहे, एवढंच बघतो. या शब्दाला जात कळते.

आणि या ‘उलटून बोलण्या’ची किंमत काय पडते हे आपल्याला पुस्तकातून शिकायचं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे यांनी काय केलं होतं? मारहाणीच्या एका गुन्ह्यात आरोपींना ओळखलं. त्यांच्याविरुद्ध बोलल्या. कायद्याच्या भाषेत ही साक्ष. गावाच्या भाषेत हे उलटून बोलणं. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखाताई, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार केलं गेलं. २००८ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी-जन्मठेपेच्या शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली आणि कारण जातीचं नाही, सुडाचं आहे असं धरलं. सूड कशाचा? एका बौद्ध बाईनं उलटून बोलण्याचा. मग जात गेली कुठं? ती त्या शब्दाच्या पोटात बसलेली होती. कोर्टाला ती दिसली नाही, कारण मराठीत ती कुणालाच दिसत नाही, इतकी ती सवयीची आहे.

दलित साहित्य उलटून बोलतं, हा आरोप म्हणून खरा आहे. त्यात आपल्याला लाजण्यासारखं काही नाही. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. नुसतं शीर्षक बघा. जात लपवून राहणारा माणूस स्वतःला चोर म्हणवतो. त्यानं काय चोरलं? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी चोरलं, अक्षर चोरलं, जमीन चोरली, ते साव. ज्यानं स्वतःच्या अंगावरचा डाग झाकला, तो चोर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बागुलांनी त्या बोंबा शीर्षकातच टांगून ठेवल्यात. पण पुढं बघा. जात उघडी पडून मार खाल्ल्यावर कथेतला माणूस मारणाऱ्या हातांची नावं घेत बसत नाही. तो मनूचं नाव घेतो. त्याला मारणारा माणूस कळतो आणि माणसाच्या हातात काठी कुणी दिली हेही कळतं. नुसता चिडलेला लेखक पहिल्यावर थांबला असता. बागुल थांबले नाहीत, म्हणून ती कथा साठ वर्षांनंतरही शिळी होत नाही.

दुसरं काम ‘उलटा जातीयवाद’. हा शब्द इंग्रजी शिकलेल्या घरात जास्त चालतो. दलितांनी जातीचं नाव काढलं की तो जातीयवाद, आणि तो उलटा. ठीक. पण एखादी गोष्ट उलटी व्हायची तर ती सगळीच्या सगळी उलटली पाहिजे. गाडी उलटली म्हणजे चाकं वर गेली पाहिजेत. जातीयवाद उलटला असेल तर दाखवा एक गाव, जिथं बौद्धवाड्यानं ब्राह्मणआळीचं पाणी तोडलं. दाखवा एक देऊळ, जिथं मांगानं मराठ्याला पायरीखाली उभं केलं. दाखवा एक तळं, जे सवर्णांनी शिवलं म्हणून आम्ही ‘शुद्ध’ करून घेतलं.

तळ्याचा विषय निघालाच आहे तर हिशोब पुरा करू. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्याच दिवशी आपल्या लोकांवर हल्ले झाले. मग तळ्यात शेण-गोमूत्र-दही-दूध असलेल्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं. ज्या पाण्यावर गुरं येत होती ते माणसाच्या ओंजळीनं बाटलं आणि शेणानं शुद्ध झालं. अक्कल उलटी कुणाची? मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. मधे दहा वर्षं उलटली.

आणि बरोबर ९१ वर्षांनी, २० मार्च २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याचा गैरवापर होतो असं म्हणत अटकेआधी चौकशीच्या, परवानगीच्या अटी घातल्या. प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. ज्याच्या रक्षणासाठी कायदा, त्याच्याकडंच संशयानं बघायचं. २ एप्रिल २०१८ ला भारत बंद झाला, काहींचे जीव गेले, ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं आपले ते निर्देश मागं घेतले. गावात आजही हाच खेळ लहान मापात चालतो. आपल्या माणसानं अ‍ॅट्रॉसिटी नोंदवली की समोरून दरोड्याची, विनयभंगाची उलट तक्रार येते. मग तडजोडीची बोलणी. मग साक्षीदार उलटतो. ‘उलट’चं खरं राज्य कुठं आहे हे बघायचं असेल तर कवितासंग्रह चाळू नका, तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा.

तिसरं काम काळाचं. ‘मुदत उलटली’, ‘दहा वर्षं उलटली’. इथं काहीच वरखाली होत नाही. नुसतं निघून जातं. आपल्या चळवळीत ‘उलटणे’चा हाच अर्थ सगळ्यात जास्त भोगलेला आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे यांना जीव द्यावा लागला. लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले. अंमल झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं उलटली आणि नामांतराचा नामविस्तार झाला. म्हणून ‘आता काळ उलटलाय’ असं कुणी भाषणात म्हणालं की विचारावं, कुठल्या अर्थानं? पालटला की नुसता सरला?

चौथं काम, उलटी. आपली आत्मकथनं आली तेव्हा पांढरपेशा वाचकानं नाकाला रुमाल लावला. कुणी हळहळला, कुणी ‘मन मोकळं केलं बिचाऱ्यांनी’ म्हणाला. दोघांच्याही मनात एकच चित्र : पोटात कुजलेलं बाहेर पडलं. हे चित्र खोटं आहे. उलटी माणसाच्या हातात नसते. ती येते. १९७८ चं ‘बलुतं’ उघडून बघा. तिथं दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, पण त्यानं स्वतःचे दोन भाग केलेत. वस्तीतला एक आणि शिकून पांढरपेशा होऊ घातलेला एक. पहिला दुसऱ्याला प्रश्न घालतो. याला उलटी म्हणत नाहीत, याला उलटतपासणी म्हणतात. ज्याला स्वतःच्या लाजेला असं पिंजऱ्यात उभं करता येतं, त्याची तळमळ तर आहेच, वर शिस्तही आहे. ती शिस्त समीक्षकानं बघितली नाही. आपल्या नव्या आत्मकथनकारांनी तरी बघावी. नुसती भोगलेल्या दुःखाची यादी दिली की आत्मकथन होत नाही.

आता पाचवं काम. इथं मित्रांनो, बोलणं आपल्याशीच आहे.

‘उलटं करणं.’ राम वाईट, रावण चांगला. देव हरामखोर, राक्षस सज्जन. शिवी त्यांनी आपल्याला दिली, आता आपण त्यांना देऊ. आपल्या छोट्या-मोठ्या अंकांत येणाऱ्या दहांतल्या सहा कविता या साच्यातल्या असतात. याचं मूळ मोठं आहे हे मान्य. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या वाचल्या. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम ही त्यांनी स्वाऱ्यांची मालिका म्हणून मांडली, आणि पाताळात गाडलेला बळी न्यायी राजा म्हणून वर काढला. पण जोतीराव नुसती अदलाबदल करून थांबले का? पुस्तक धोंडिबाशी प्रश्नोत्तराच्या रूपात आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला ‘का?’ म्हणायला शिकवणारं. आणि अर्पण कुणाला आहे? निग्रोंना गुलामीतून सोडवण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून ते गावाच्या, धर्माच्या, देशाच्या बाहेर बघत होते. पुराण उलटं करणं हे त्यांचं साधन होतं, मुक्काम नव्हता. आपण साधन उचललं आणि तिथंच बिऱ्हाड केलं.

यात धोका काय? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. आता हा मनोरा तुमच्या कवितेत उलटा करा. डोकं खाली, पाया वर. काय झालं? मजले तेवढेच राहिले. शिडी तेव्हाही नव्हती, आताही नाही. राजकारणातली माणसं ‘भाकरी फिरवली पाहिजे’ म्हणतात, त्यातला हा प्रकार. उलथन्यानं भाकरी फिरते ती करपू नये म्हणून. भाकरी तीच, तवा तोच, आणि उलथनं धरणारा हातही तोच. भाकरी फिरली म्हणून चूल कुणाची हे बदलत नाही.

आणि मनोरा उलटा करून बघायची हौस असेल तर त्यात बाई कुठल्या मजल्यावर राहते ते आधी बघा. आपल्या विद्रोही म्हणवल्या जाणाऱ्या कितीतरी कवितांत संतापाची सगळी भाषा बाईच्या देहावरून जाते. त्यांनी आमच्या आयाबहिणींवर हात टाकला, तर आम्ही त्यांच्या. शिवीतला पुरुष बदलला, बाई तीच. तिला दोन्हीकडून मातीतच घातली. हा विद्रोह कुणाचा? मनूला अशी कविता वाचून दाखवली तर तो मान डोलवील.

बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं १९८६ मध्ये आलं. त्यात त्या अवघड गोष्ट सरळ सांगतात. गावानं महाराला गुलाम केलं. महारालाही माणूस म्हणून कुणावर तरी हुकूम चालवावा असं वाटत होतं. गुलाम करायला हाताशी कोण होतं? घरात आलेली लेकीच्या वयाची सून. मग तिचे हाल काय झाले, ते त्यांनी लिहिलंय. हे वाचून आपल्यातले काही जण म्हणतात, ‘बेबीताई आपल्यावरच उलटल्या.’ बघा, पाटलाच्या तोंडचा शब्द आपल्या तोंडात कसा अलगद आला! वस्तीतल्या बाईनं ‘का?’ विचारलं की ते उलटणं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर संशोधन करून पुस्तक काढलं, त्याचं नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्यातला ‘ही’ कुणाला उद्देशून आहे? सदाशिव पेठेला तर आहेच, आपल्यालाही आहे.

मग उलटं करायचंच नाही का? करायचं. पण उलथून टाकणं ही त्याच्या पुढची पायरी आहे आणि ती १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला घेतली गेली. बाबासाहेबांनी त्या दिवशी ब्राह्मणाच्या पाटावर महाराला बसवलं नाही. त्यांनी पाटच सोडला. त्या बावीस प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो, पण त्यांची रचना कधी बघितलीय? पहिल्या आठ नकाराच्या. अमुक देवाला मानणार नाही, अवतार मानणार नाही, बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवणार नाही. नववी प्रतिज्ञा म्हणते, सर्व माणसं समान आहेत. दहावी म्हणते, समतेच्या स्थापनेसाठी मी प्रयत्न करीन. मग पुढं अष्टांगिक मार्ग, करुणा, चोरी न करणं, खोटं न बोलणं, दारू न पिणं. आठ नकार केले ते नववीपर्यंत पोचण्यासाठी. माझं साधं म्हणणं आहे : आपली बरीचशी कविता आठव्या प्रतिज्ञेवर येऊन थांबली आहे. नववीची कविता अजून थोड्यांनीच लिहिली. नकार जोरदार झाला. पण नकारानंतर माणूस कसा उभा राहतो, कुणाशी कसा बोलतो, बायकोच्या ताटात काय वाढतो, हे आपल्या कवितेत फार कमी येतं.

एक उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यातलंच आहे. पूर्वी महारानं पाटलाला ‘जोहार मायबाप’ म्हणायचं. वाकून म्हणायचं. पाटलानं उलटून ‘जोहार’ म्हणायचं नाही; त्या शब्दाला परतीची वाटच नव्हती. खालून वर जायचा आणि तिथंच जिरायचा. आता नुसतं उलटं करायचं असतं तर आपण काय केलं असतं? पाटलाला जोहार घालायला लावला असता. तसं केलं नाही. ‘जय भीम’ आला. ‘जय भीम’चं उत्तर काय? ‘जय भीम’. मंत्री म्हणाला तरी तेच, झाडूवाली म्हणाली तरी तेच. लहान पोरगी आज्याला म्हणते, आजा तेच उत्तर देतो. उलट जातो तरी सुलटाच राहतो असा हा शब्द आहे. याला म्हणतात उलथून टाकणं. हे कुठल्याही समीक्षकानं शिकवलं नाही, वस्त्यांनी केलं.

तेव्हा कविता, कथा, पथनाट्य लिहिणाऱ्या मित्रांना सांगायचंय ते एवढंच. लिहून झालं की आपल्याच लिखाणाला तीन प्रश्न घाला. एक, मी कुणाला उलटून बोललो? वरच्याला, की हाताशी सापडलेल्या खालच्याला? दोन, मी मनोरा उलटा केला की एखादा मजला तरी पाडला? तीन, माझ्या या ओळीला ‘जय भीम’सारखं परतीचं उत्तर देता येईल असं कुणी माणूस माझ्यासमोर आहे का? उत्तरं अडली तर कविता फाडू नका. पुन्हा लिहा. स्टेन्सिल कापायला वेळ लागतो, आम्ही थांबू.

आणि ज्यांना हे म्हणणं पटत नाही त्यांनी बिनधास्त उलटून बोलावं. आयाबहिणींनी आधी बोलावं. अंकाच्या पत्त्यावर लिहा, सही करून लिहा, उलट टपाली लिहा. जय भीम.